श्रीमंत कंट्रोलरांचा मंजूर भार

मुखेडच्या बसस्थानकावर श्रीमंतरावांनी वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात काढली. त्यांचं आडनाव गावात फार थोड्यांना माहीत होतं. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. चौकशीच्या खिडकीत बसून, माईकच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन ते गाड्यांची नावं अशी काही घ्यायचे, की देगलूरकडं निघालेली काचा खुळखुळणारी एसटीसुद्धा वरात निघाल्यासारखी वाटायची. गाडी वेळेवर सुटेलच असं नव्हतं. सूचना मात्र वेळेवर सुटायची. उदगीरची गाडी रस्त्यात पंक्चर होऊन पडलेली असली तरी श्रीमंतराव शांतपणे सांगायचे, "उदगीरला जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल," आणि लोक बोचकी उचलून उभे राहायचे. एका वाक्यात माणसं अशी उठवता-बसवता येतात, याचं सुख काय असतं ते त्यांनाच ठाऊक.

मग निवृत्ती आली. शाल झाली, श्रीफळ झालं, डेपोतल्या साहेबांचं भाषण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमंतराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर येऊन बसले. समोर एक शेळी होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि ती आपल्या मनानं पुढं निघून गेली. इथूनच त्यांचं बिघडायला लागलं. घरात त्यांना विचारून कुणी काही करत नव्हतं. दूधवाला विचारून येत नव्हता, नळ विचारून सुटत नव्हता. त्यांनी एक-दोनदा सुनेला स्वयंपाकाचा क्रम सांगून बघितला. सून वर्षाराणी "हाव मामा" म्हणाली आणि तिच्याच क्रमानं स्वयंपाक केला. हळूहळू त्यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहायला लागली. बायको सिंधुबाई ते ताट उचलताना रोज बघायच्या.

मुलगा सुदर्शन नांदेडला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. रोजचं मुखेड ते नांदेड आणि परत. पेट्रोलनं तो टेकीला आला होता, म्हणून त्यानं विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं. श्रीमंतरावांनी आधी विरोध केला, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग गल्लीत असली गाडी अजून कुणाकडंच नाही हे लक्षात आल्यावर ती त्यांचीच कल्पना झाली.

शोरूम नांदेडला होतं. बापलेक गेले. तिथल्या पोरसवदा सेल्समननं चहा दिला आणि सगळं ठरत आल्यावर विचारलं, "काका, तुमच्या घराचा मंजूर भार किती आहे?"

श्रीमंतरावांनी कप खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर दुसरं गिऱ्हाईक बसलेलं होतं. त्याच्यादेखत आपलं वजन कुणी विचारावं, हे त्यांना पटलं नाही.

"मुखेडात येऊन विचारा," ते म्हणाले. "कंट्रोलरचा भार किती हाय ते कुणीबी सांगंल."

"तसं नाही काका. वीज ऑफिसनं तुमच्या घराला एका वेळी किती वीज वापरायची परवानगी दिलीय, ते. बिलावर छापलेलं असतं."

"भरपूर हाय."

सेल्समन समजुतीचा होता. त्यानं सांगितलं, की ही गाडी चार्जिंगला लावली म्हणजे घरात दीड-दोन गिझर तासन् तास चालू ठेवल्यासारखं असतं. तेव्हा मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी जाड वायर टाकून घ्या, तिला वेगळं बटन बसवा, अर्थिंग नीट करा, आणि वीज ऑफिसात अर्ज देऊन भार वाढवून घ्या. सुदर्शननं मान हलवली. त्याच्या वर्गातली पोरं ज्या पद्धतीनं मान हलवतात, अगदी त्याच पद्धतीनं.

आता घराबद्दल सांगायला पाहिजे. ते श्रीमंतरावांनी पगारातून, जमेल तसं, खोली-खोलीनं बांधलेलं होतं. खोली वाढली की वायर वाढायची. पुढच्या खोलीच्या बोर्डातून स्वयंपाकघराची लाइन काढलेली, स्वयंपाकघरातून न्हाणीची, न्हाणीतून जिन्याखालच्या बोळीची, आणि बोळीतून वरच्या मजल्याची. एका दोरीवर सगळ्या घराची धुणी वाळत घालावीत तसं अख्खं घर एका वायरीवर लोंबत होतं. यातलं बरंचसं काम गल्लीतल्या आदर्शनं केलं होतं. आदर्श हा मुखेडातला नावाजलेला इलेक्ट्रिशियन. कशालाही तो "चालून जातंय" म्हणायचा, आणि लोक त्याला हमी समजायचे.

"वेगळी वायर लागंल का रे?" श्रीमंतरावांनी त्याला विचारलं.

"कशाला मामा? बोळीत मोठा प्लग हाय की. चालून जातंय."

गाडी आली. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, सिंधुबाईंनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. गल्ली बघायला लोटली. पेट्रोल कुठून टाकायचं, हे तिघाचौघांनी विचारलं, आणि श्रीमंतरावांनी प्रत्येकाला नव्यानं हसून दाखवलं. संध्याकाळी सुदर्शननं बोळीतल्या प्लगमध्ये गाडीची वायर खोचली. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लुकलुकला. त्याच वेळी सिंधुबाईंनी न्हाणीत गिझरचं बटन दाबलं आणि सगळं घर अंधारात गेलं.

कुणीतरी पाटाला ठेचकाळलं. सुदर्शन मोबाइल शोधायला लागला. तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "कुणीही जागेवरून हलू नये. वीजपुरवठा थोड्याच वेळात सुरू होईल."

आणि खरंच कुणी हललं नाही. श्रीमंतराव चाचपडत मीटरपाशी गेले, पडलेलं बटन वर केलं, दिवे आले. त्यांनी वळून घराकडं बघितलं. बायको, मुलगा, सून तिघंही आहेत तिथं थांबलेले होते आणि पुढं काय करायचं ते त्यांना नजरेनंच विचारत होते. अशा नजरेनं त्यांच्याकडं कुणी बघितल्याला बरेच दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून घराला वेळापत्रक लागलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर श्रीमंतरावांनी रकाने आखले आणि ते बोळीत टांगलं. गाडी चार्जिंगला असताना गिझर बंद. गिझर चालू असताना पाण्याची मोटर बंद. वर्षाराणी घरी ब्लाउज शिवायची. तिची मोटरवाली मशीन चालेल, पण इस्त्री गरम करायची असेल तर आधी वर्दी द्यायची. मिक्सरला दोन गाड्यांच्या मधल्या जीपसारखं, जागा मिळेल तसं निघायचं. श्रीमंतराव बोळीत खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून घोषणा द्यायचे.

"न्हाणीतला गिझर सुटत आहे. मिक्सरनं थांबून घ्यावं."

सिंधुबाई खोबरं हातात घेऊन थांबायच्या.

"सुदर्शन, आंघोळ आटोपती घ्या. मोटरीची वेळ झालेली हाय."

सुदर्शन डोक्याला साबण तसाच ठेवून "अण्णा, एक तांब्या" म्हणायचा. एक तांब्या मंजूर व्हायचा.

शेजारी केरबा भाजीचा टेम्पो चालवायचा. एकदा तो भिंतीवरून वाकून म्हणाला, "कंट्रोलर, घरात कुणासंगं बोलूलालाव?"

"नियोजन चालू हाय," श्रीमंतराव म्हणाले.

नियोजनात एकदा फ्रिजला विश्रांती दिली आणि दूध नासलं. सिंधुबाईंनी साखर घालून ते आटवलं आणि वड्या पाडल्या. श्रीमंतरावांनी चवीनं खाल्ल्या आणि असं अधूनमधून व्हायला हरकत नाही म्हणाले. वर्षाराणीच्या गिऱ्हाइकांना चुरगळलेले ब्लाउज घेऊन जावे लागले. सुदर्शन मोबाइल चार्ज करायला गाडीत जाऊन बसायला लागला, कारण घरात गाडीला जेवढी वीज मिळत होती तेवढी माणसाला मिळत नव्हती.

वर्षाराणीनं एकदा जेवताना विषय काढला. "मामा, वीज ऑफिसात अर्ज देऊन भार वाढवून घेऊ की. वायरही नवीन टाकू. मी जाऊन येते."

"अर्ज कशाला?" श्रीमंतराव म्हणाले. "आपलं घर कमी पडतंय असं लिहून द्यायचं? एवढ्याशा डेपोत मी शंभर गाड्या फिरवल्या. ही तर एकच हाय."

"चालूये ना सध्या," सुदर्शन म्हणाला. त्याला पेपर तपासायचे होते.

वर्षाराणीनं सासूकडं बघितलं. सिंधुबाई नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढत होत्या. दुसरी.

असं करत करत येळवस आली. या भागात दिवाळीपेक्षा येळवशीचं कौतुक जास्त. ऐन थंडीतल्या त्या अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारून त्यात पाच दगडांचे पांडव पुजतं आणि रानातच जेवतं. त्या वर्षी लातूरहून सिंधुबाईंचे भाऊ व्यंकटराव बायको-नातवंडांसह येणार होते. व्यंकटरावांच्या हॉलमध्ये एसी होता, आणि हे ते आल्याबरोबर कुठल्या ना कुठल्या वाटेनं सांगायचे. सगळ्यांना नव्या गाडीतून दोन खेपांत शेतावर न्यायचं ठरलं होतं.

श्रीमंतरावांना घोर लागला. मेहुण्यासमोर गिझरची घोषणा कशी द्यायची? त्यांनी वेळापत्रक खिळ्यावरून उतरवलं आणि आदर्शला बोलावलं.

"अडचण काय हाय मामा? बटन पडतंय, हेच ना?"

"हाव."

"मग मोठं बटन बसवू. पडायचंच न्हाई."

दारात उभी असलेली वर्षाराणी म्हणाली, "पण वायर तीच राहणार ना, आदर्शभाऊ? बटन न पडून वायर तापली तर?"

"चालून जातंय, वहिनी," आदर्श म्हणाला, आणि मोठं बटन बसवून, चहा पिऊन गेला.

येळवशीच्या सकाळी घरात नुसती धांदल होती. चुलीवर मोठ्या पातेल्यात भज्जी, म्हणजे येळवशीची सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी, रटरटत होती. आंबिलीचं मडकं पांढऱ्या कापडानं तोंड बांधून तयार होतं. बोळीत गाडीची वायर लागलेली, कारण सुदर्शन आदल्या दिवशी नांदेडहून जवळजवळ रिकामी गाडी घेऊन आला होता. पाहुण्यांच्या आंघोळींसाठी गिझर चालू, टाकी भरायला मोटर चालू, शेंगदाण्याच्या कुटाला मिक्सर चालू, व्यंकटरावांच्या शर्टासाठी इस्त्री चालू. आणि काहीही पडत नव्हतं. श्रीमंतराव हात मागं बांधून घरभर हिंडत होते. सगळ्या गाड्या एकदम फलाटावर लागल्या होत्या आणि एकही अडत नव्हती.

व्यंकटरावांच्या ते लक्षात आलं. टॉवेलनं कान पुसत ते म्हणाले, "दाजी, एवढं सगळं एकदम? माझ्याकडं एसी लावला की गिझर बंद ठेवावा लागतंय."

"घर बांधतानाच विचार केलेला हाय," श्रीमंतराव म्हणाले.

थोड्या वेळानं व्यंकटरावांनी नाक वर केलं. "कशाचा तरी वास येऊलालाय. अक्का, भज्जी खाली लागली का काय?"

सिंधुबाईंचा हात थांबला. त्यांची भज्जी आजवर कधी लागली नव्हती. त्यांनी तसं सांगितलं. व्यंकटराव म्हणाले, वास तर येतोय. श्रीमंतराव मोठ्या मनानं म्हणाले, "लागू द्या. थोडी लागलेली चवदार लागते." सिंधुबाईंनी झाकण काढलं, पळी तळापर्यंत घालून ढवळलं, आणि मग सगळं घर एकेक करून पातेल्यावर वाकून वास घेऊन गेलं. मतं पडली. लागली आहे म्हणणारे जास्त निघाले.

या सगळ्या वेळात बोळीत कुणीच नव्हतं. वर्षाराणी इस्त्रीचा प्लग काढायला तिकडं गेली, तर मोठ्या प्लगचा पांढरा बोर्ड तपकिरी होऊन मेणासारखा खाली ओघळत होता आणि त्याच्या कडेला बोटाएवढी ज्योत लागलेली होती. ती ओरडली नाही. तशीच पळत मीटरपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. घर गप झालं. मिक्सरचा, मोटरीचा, सगळ्याचा आवाज एकदम गेला, तेव्हा कुठं बाकीचे बाहेर आले. व्यंकटरावांनी बादली उचलली.

"पाणी नको, मामा," वर्षाराणी त्यांच्या आडवी झाली. "वाळू टाका. बाहेर पडलीये."

सुदर्शननं घमेलंभर वाळू आणून बोर्डावर मारली. ज्योत विझली. भिंतीवर काळा पट्टा छतापर्यंत गेलेला होता. बोळीत धूर आणि मधोमध श्रीमंतरावांची खुर्ची.

भज्जी लागलेली नव्हती. सिंधुबाईंनी ते परत कुणाला सांगितलं नाही.

गाडीत शेतावर जाण्याइतका चार्ज होता, पण तिच्याजवळ जायला कुणाचा जीव धजेना. शेवटी केरबाचा टेम्पो काढला. मागं कोथिंबिरीच्या काड्या पडलेल्या होत्या, त्यांच्यावर सतरंजी टाकून सगळे बसले. केरबानं श्रीमंतरावांना पुढं बसायला सांगितलं. ते मागंच चढले आणि आंबिलीचं मडकं दोन्ही हातांनी धरून, रस्ताभर खाली बघत राहिले.

शेतात पूजा झाली. ज्वारीच्या रानातून वारा येत होता. पंगत बसली आणि व्यंकटरावांनी शेजारच्या बांधावरच्या लोकांना सकाळची हकिगत सांगायला सुरुवात केली. त्यांच्या सांगण्यात ज्योत हातभर झाली होती आणि बादली त्यांनी वेळेवर आणली होती. श्रीमंतराव उठून बोरीच्या झाडाखाली जाऊन बसले. थोड्या वेळानं सिंधुबाई द्रोणात भज्जी आणि वर भाकरी घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"खाऊन घ्या."

"मला नको."

"आदर्शला बोलावलं ते तुम्ही. पण मलाबी दिसत होतं सगळं," सिंधुबाई म्हणाल्या. "त्या बोळीतली भिंत हाताला गरम लागायची. मी झाडताना रोज बघायचे."

श्रीमंतरावांनी वर बघितलं. "मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही जेवायला लागला होता."

ते बोरीखालची वाळली काडी उचलून मोडायला लागले.

"खुर्ची टाकून बसायचा, हुकूम सोडायचा. मला वाटलं, चाललंय तर चालू दे. दोन घास जातायत पोटात. त्यापायी मी बी मिक्सर बंद ठेवला, आंघोळीला गार पाणी घेतलं." त्यांनी पदरानं भाकरीवरचा कडब्याचा कण काढला. "पण आज लेकरं होती घरात, आवं. व्यंकटाची नात न्हाणीतच होती."

श्रीमंतरावांनी द्रोण घेतला. भाकरीचा एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "वर्षाराणीला म्हणावं, उद्या जाऊ वीज ऑफिसात. मी बी येतो."

अर्ज गेला. वीज ऑफिसचा माणूस येऊन बघून गेला. मंजुरी यायला व्हायचा तो वेळ झाला. तोवर सुदर्शन नांदेडलाच क्लासजवळच्या चार्जिंग स्टेशनवर गाडी लावून, तिथं बसून पेपर तपासायचा. मंजुरी आल्यावर खांबापासून नवी केबल आली. नांदेडच्या एका मिस्त्रीनं मीटरपासून गाडीपर्यंत जाड तांब्याची वायर टाकली, अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला आणि घरातली जुनी लोंबणारी लाइन तोडून प्रत्येक खोलीची वेगळी केली. आदर्श गल्लीतून जाताना दुसरीकडं बघायला लागला. नवी वायर टाकली नसती तरी पुढं चालून गेलं असतं, असं त्यानं केरबाजवळ बोलून दाखवलं.

आता गाडी चार्जिंगला असताना गिझर चालायचा, इस्त्री चालायची आणि सिंधुबाई मनाला येईल तेव्हा चटणी वाटायच्या. कुणी कुणाला विचारायचं कारण उरलं नाही. श्रीमंतराव पुन्हा ओसरीवर येऊन बसले. घरातल्यांना वाटलं, झालं, परत अर्धी भाकरी. पण तसं झालं नाही. त्यांना दुसरीच सवय लागली. कुणाच्याही घरी गेले, की ते आधी भिंतीपाशी जायचे आणि उलट्या तळहातानं प्लग चाचपून बघायचे. केरबाच्या घरी फ्रिजचा बघितला, दवाखान्यात डॉक्टरच्या टेबलामागचा बघितला. एका लग्नात मांडवातल्या पंख्यांचा बघायला ते स्टेजमागं गेले आणि मुलीकडच्यांनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. बायका सिंधुबाईंना विचारायच्या, यांना काही झालंय का. सिंधुबाई म्हणायच्या, "बघूलालेत, बघू द्या."

उन्हाळ्यात ते दोघं लातूरला व्यंकटरावांकडं गेले. आमरसाचं जेवण होतं. हॉलमध्ये एसी चालू होता, पोरं पलंगावर लोळत होती, आणि व्यंकटराव एसी किती गार करतो ते सांगत होते. श्रीमंतराव उठले, एसीच्या प्लगपाशी गेले आणि हात लावला. मग हात काढून परत लावला.

"गरम हाय," ते म्हणाले.

व्यंकटराव हसले. "दाजी, तुम्ही आता सगळीकडं तेच बघता."

"हाव," श्रीमंतराव म्हणाले, आणि परत जागेवर येऊन बसले.

व्यंकटरावांच्या बायकोनं निमूटपणे एसी बंद केला. थोड्या वेळात हॉल तापला. पोरं कुरकुरायला लागली. व्यंकटरावांनी शर्टाचं बटन सोडलं, वर्तमानपत्रानं वारा घेतला, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून उठले. त्यांनी प्लगवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"दाजी," ते भिंतीकडं बघतच म्हणाले, "तो भार वाढवायचा अर्ज कुठं द्यायचा असतो?"

सिंधुबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. श्रीमंतरावांनी घसा साफ केला, ताठ बसले, तोंड उघडलं. मग म्हणाले, "ते वर्षाराणीला फोन करून विचारा. तिला नीट ठाऊक हाय. मला त्यातलं अर्धंच कळतंय."

आणि घाम पुसत त्यांनी रसाची वाटी पुढं केली.